मेश बदलली, तडाही बदलला

माझं गाव अकोले तालुक्यात, प्रवरेच्या काठी. वर भंडारदऱ्याची भिंत: १९२६ साली पुरी झालेली, सुमारे ८२ मीटर उंच, सगळं दगडी काम. १९६९ मध्ये तिला तडे गेल्याचं लक्षात आलं आणि पुढे टेकूभिंती बांधून ती बळकट केली गेली. त्या दिवसांतली धास्ती आजोबांच्या तोंडून ऐकत मी मोठा झालो. म्हणून एम. ई.ला प्रकल्प निवडताना विषय शोधावा लागला नाही: धरणाच्या भिंतीत तडा कसा पसरतो, हे कॉम्प्युटरवर मांडायचं.

उदाहरण कोयनेचं घेतलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात त्या १०३ मीटर उंच धरणाला तडे गेले. पायापासून साधारण ६६ मीटरवर भिंतीचा खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो, तिथेच ते गेले. जगभरचे संशोधक आपली गणितं याच भिंतीवर तपासून पाहतात.

मी भिंतीचे दोन मीटरचे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून त्यांची जाळी, म्हणजे मेश, केली, काँक्रीटचा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख दिला आणि हादरा लावला. तडा बरोबर उताराच्या कोपऱ्यातून निघाला. मला आनंदानं झोप लागली नाही. दिवाळीत ते रंगीत चित्र घरी नेलं आणि आजोबांना म्हणालो, "आता तडा कुठवर जाईल ते आधीच सांगता येतं."

सुट्टीनंतर मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "मेश अर्धी केलीस तर?" केली. एक मीटरच्या मेशमध्ये तडा आणखी खोल गेला. अर्ध्या मीटरला तर निम्म्याहून कमी हादऱ्यात भिंत आरपार चिरली. भिंत तीच, काँक्रीट तेच; बदलली होती फक्त माझी मेश.

कारण समजायला दोन महिने लागले. तड्याचा प्रत्येक चौरस मीटर उघडायला ठरावीक ऊर्जा लागते, साध्या काँक्रीटला साधारण १०० ज्यूल. मी दिलेल्या आलेखात मात्र ऊर्जा घनमीटरमागे ठरलेली होती. गणितात तडा एलिमेंटच्या एकाच ओळीत मावतो. ओळ दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आली, की तोच तडा उघडायला पावच ऊर्जा पुरते. मेश बारीक करत गेलं, तर शेवटी भिंत फुकटात तुटते. पहिलं चित्र कोयनेशी जुळलं, त्यात माझ्या गणिताचं श्रेय नव्हतं. तडा कोपऱ्यातून निघणं भिंतीच्या आकारामुळे ठरलं होतं, आणि तो किती खोल जाणार हे माझ्या मेशनं ठरवलं होतं.

या वाटेनं जाणाऱ्यांना कळकळीनं सांगतो. कोणालाही चित्र दाखवण्याआधी निदान तीन मेश करा, प्रत्येक आधीच्या निम्मी. रंग पाहू नका. भार आणि सरकणं यांचा आलेख जुळतो का, तड्यात खर्च झालेली एकूण ऊर्जा स्थिरावते का, ते पाहा.

तडा उघडायला लागणारी ऊर्जा, म्हणजे फ्रॅक्चर एनर्जी, क्षेत्रफळामागे द्या. स्ट्रेस-स्ट्रेन आलेखाचा उतरता भाग एलिमेंटच्या मापानुसार बदलायचा, ही बाझंट आणि ओ यांची १९८३ ची रीत आहे. पण तिलाही मर्यादा आहे: एलिमेंटचं माप 'दोन गुणिले ई गुणिले फ्रॅक्चर एनर्जी, भागिले ताणशक्तीचा वर्ग' याहून मोठं चालत नाही. ई, म्हणजे काँक्रीटचा लवचीकता गुणांक, ३०,००० मेगापास्कल, ताणशक्ती ३ मेगापास्कल आणि ऊर्जा चौरस मीटरमागे १०० ज्यूल धरली, तर ही मर्यादा जेमतेम ६७ सेंटिमीटर येते. माझे एलिमेंट दोन मीटरचे होते.

मेश तिरकी करूनही पाहा, कारण तडा एलिमेंटच्या ओळी धरून पळतो. तडा रेषेऐवजी पसरट पट्टा धरून मांडणारी फेज-फील्ड पद्धत वापरत असाल, तर त्या पट्ट्याची रुंदी ठरवणाऱ्या लांबीच्या निम्म्याहून मोठे एलिमेंट ठेवू नका. तडा न धरलेल्या साध्या लवचीक गणितात आत वळलेल्या कोपऱ्यातला सर्वांत मोठा स्ट्रेस मेश बारीक होईल तसा वाढतच जातो. त्या आकड्यावरून निकाल देऊ नका. आणि धरणाला हात घालण्याआधी खाच पाडून प्रयोगशाळेत मोडलेली एखादी तुळई गणितानं मोडून दाखवा.

प्रकल्प सहा महिने लांबला. पुन्हा घरी गेलो, तेव्हा आजोबांना आधीचं चित्र चुकीचं होतं हे समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "चाळण बदलली म्हणून गहू बदलत नसतो, बाळा." आता नवं गणित हाती घेतलं, की आधी चाळण बदलून पाहतो. भिंतीखाली राहणाऱ्या माणसांना आपलं चित्र खरं वाटतं, म्हणून ते दाखवण्याआधीची ही मेहनत टाळता येत नाही.