काळा-गोरा, आपला-परका : मुलांना काय सांगावे?

वर्णद्वेष म्हटले की आपल्याला अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिका आठवते. पण तोच रोग आपल्या घरात रंग आणि जात या नावांनी राहतो. त्याची लागण बालपणीच होते, म्हणून मुलांचा डॉक्टर या नात्याने आज हा विषय घेत आहे.

तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना रंगातला फरक कळू लागतो. अमेरिकेत १९४० च्या सुमारास केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांपुढे काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बऱ्याच मुलांनी गोरी बाहुलीच 'चांगली' ठरवली. आपल्याकडे बाहुलीचीही गरज नाही. "उन्हात जाऊ नको, काळी पडशील" एवढे पुरते. शिंगणापूरला आपण काळ्या शिळेला भक्तिभावाने तेल वाहतो आणि घरी येऊन सावळ्या नातीला डाळीचे पीठ चोळतो. मूल हे सारे पाहत असते.

पालकांनी काय करावे?

१) रंगाचे खरे कारण सांगावे. कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते जास्त तितका रंग गडद, आणि उन्हापासून रक्षणही अधिक. गोरे करणारी मलमे मुलांना लावू नयेत. काहींत पारा किंवा स्टिरॉइड असते.

२) "त्यांच्या घरचे पाणी का प्यायचे नाही?" असे मुलाने विचारल्यास गप्प बसवू नये. "लोक जन्मावरून शिवाशिव पाळत, काही अजून पाळतात. ते चूक आहे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने त्यावर बंदी घातली," असे सरळ सांगावे. मग मुलाला घेऊन त्या घरी चहा प्यावा. जवळच्याच सोनई परिसरात जानेवारी २०१३ मध्ये जातीबाहेरच्या प्रेमसंबंधावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. असा द्वेष एका दिवसात वाढत नाही.

३) मुलगी विचारील, "पूर्वी बायकांना चौथऱ्यावर का जाऊ देत नसत?" तिला सांगावे की नोव्हेंबर २०१५ मध्ये एक महिला वर गेली म्हणून दुधाने शुद्धीकरण झाले, पुढे उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या हक्काच्या बाजूने निर्णय दिला आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, चौथरा त्यांना खुला झाला. रूढी माणसे करतात आणि माणसेच बदलतात, हे तिला कळेल.

४) रंग वा जातीवरून चिडवले जाणारे मूल अनेकदा तोंडाने सांगत नाही. शाळेच्या वेळी पोट दुखते, भूक मंदावते, अंथरूण ओले होते. माझ्याकडे अशी मुले पोटाचे औषध मागायला येतात. तपासणीत काही न निघाल्यास मुलाशी निवांत बोलावे. "दुर्लक्ष कर" म्हणू नये. "दोष तुझा नाही, चिडवणाऱ्याचा आहे," असे सांगून गुरुजींना भेटावे.

देवीची लस वेळेवर टोचली म्हणून तो रोग गेला. या रोगाची लस घरातल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यात आणि वागण्यात आहे. ती शाळेत जाण्याआधीच द्यावी.