नववीचा प्रकल्प आणि बाईंचा हात

चि. मनूस,


गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची, हा बालविज्ञान परिषदेसाठीचा विषय तुझ्या नववीतल्या दोघी विद्यार्थिनींनी स्वतःच काढला, हे वाचून बरं वाटलं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. १० ते १७ वर्षांची मुलं तिथे जातात आणि आपल्या भागातला प्रश्न त्यांनी स्वतः हाताळावा, हाच तिचा मूळ हेतू. प्रत्यक्षात कितीतरी प्रकल्प शेवटच्या आठवड्यात बाबांच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर जन्माला येतात. तक्ता झकास असतो, पण "हा आकडा कुठून आला?" असं परीक्षकांनी विचारलं की पोर बाईंच्या तोंडाकडे बघतं.

वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामात शिक्षक कसा असावा, याचं नामी उदाहरण इंग्लंडमधल्या केटरिंग गावी सापडतं. तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी पदार्थविज्ञान शिकवत. त्यांचे सहकारी डेरेक स्लेटर रसायनशास्त्राचे, पण हौशी रेडिओवाले. १९६० पासून या दोघांनी साध्या रेडिओ रिसीव्हरवर सोव्हिएत उपग्रहांचे सिग्नल ऐकायला सुरुवात केली आणि हळूहळू मुलांनाही त्यात ओढलं. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या उपग्रहाच्या सिग्नलची पट्टी बदलते, म्हणजे डॉप्लर परिणाम फळ्याऐवजी कानानेच कळतो. बाकी काम तसं कंटाळवाणं: ऐकायचं, वेळ लिहायची, पुन्हा ऐकायचं.

मार्च १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ हा सोव्हिएत उपग्रह वर गेला आणि आकडे जुळेनात. त्याच्या कक्षेचा कल ७२ अंश निघाला. आधीच्या तशा उपग्रहांची कक्षा वेगळी असे. मग हा उडाला कुठून? त्याच वर्षी पुढे गेलेल्या उपग्रहांचे मार्ग नकाशावर मागे नेऊन पाहिले, तेव्हा रेषा उत्तर रशियातल्या प्लेसेत्स्कजवळ एकमेकींना छेदत होत्या. बायकोनूरखेरीज आणखी एक प्रक्षेपणतळ! अमेरिकी हेरखात्याला तो माहीत होता, पण ते कशाला बोलतील? जगाला सांगितलं ते एका शाळेने. सोव्हिएत सरकारने तो तळ जाहीरपणे मान्य केला १९८३ मध्ये.

यात तुझ्या कामाची गोष्ट अशी, की उत्तर पेरींनाही आधी ठाऊक नव्हतं. मुलं आणि मास्तर एकाच नकाशावर वाकले होते. शिक्षकाला उत्तर माहीत असलं की तो नकळत मुलांचा हात धरून तिकडेच नेतो. विहिरींच्या बाबतीत तुला ते जमायचंच नाही, हे उत्तम झालं. मात्र मोजायचं कसं, हे तुला पक्कं माहीत हवं.

कठड्यावर एका जागी ऑइलपेंटची खूण करून घ्यायला सांग आणि टेप दर वेळी तिथूनच सोडायला लाव. मोजायचं सकाळी, मोटार सुरू व्हायच्या आत; उपसा सुरू झाला की पातळी खाली जाते आणि दोन विहिरींची तुलना फसते. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून वजा करायची. वहीत पेनानेच लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा, खोडरबर बंद. आदल्या दिवशी पाऊस झाला का, मोटार चालू होती का, हेही त्याच ओळीत. एखादा आठवडा चुकला तर रकाना कोरा ठेवू दे. कोरा रकाना बघून तुझाच जीव खालीवर होईल आणि "अंदाजे टाक गं" असं तोंडावर येईल. तेवढं गिळ.

बाहेरचा मार्गदर्शक हवाच असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून बघ. त्यांच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून चारदा होतात. तुझ्या पोरी दर आठवड्याला मोजणार, त्यामुळे तिथल्या भूवैज्ञानिकांनाही या वहीत रस वाटू शकतो. पण भेटीला जाताना प्रश्न मुलींनी लिहून न्यावेत आणि त्यांनीच विचारावेत. जाणकार माणूस बाईंना पाहिलं की बाईंशीच बोलू लागतो, मुली खुर्चीत पाय हलवत बसतात. तू बाहेरच्या बाकावर बस.

अहवाल त्यांच्याच भाषेत राहू दे. इंग्लंडमधल्याच ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी बो लॉटो या शास्त्रज्ञाच्या मदतीने भुंगमाश्यांवर प्रयोग केले. माश्या फूल निवडताना रंगासोबत त्याची जागाही ध्यानात घेतात, असं त्यांना दिसलं. तो लेख २०१० मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स' या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. मजकूर मुलांच्या शब्दांत, आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या, संदर्भसूची नाहीच. ती उणीव भरायला संपादकांनी तज्ज्ञांचं टिपण वेगळं जोडलं, मुलांच्या वाक्यांना इस्त्री केली नाही. आपल्याकडे शुद्धलेखन तपासता तपासता अख्खा परिच्छेद बाईंचा होऊन बसतो.

आणि हो, दिवाळीच्या सुट्टीचं आताच ठरव. दोघीही गावाला गेल्या तर ऐन परतीच्या पावसानंतरच्या नोंदी बुडतील. मागे कोण राहणार, टेप कुणाच्या घरी ठेवायचा आणि एकटीने विहिरीवर न जाता सोबत कुणा मोठ्या माणसाला न्यायचं, हे त्यांच्या आयांशी बोलून घे.

तुझा,
मामा