व्हिक्टोरिया वसाहतींतील सोनें

"अमक्या देशांत सोन्याचा धूर निघतो" असें आपण सहज बोलतों. परंतु जेथें खरोखरच पायांखालच्या मातींत सोनें सांपडलें, तेथील समाजाचें पुढें काय झालें, हें पाहणें बोधप्रद आहे. त्यासाठीं ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागांतील व्हिक्टोरिया वसाहतीचा इतिहास पाहूं.

इ. स. १८५१ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस ही वसाहत न्यू साउथ वेल्सपासून विभक्त झाली. मूळचे रहिवासी सोडून तिची वस्ती सुमारें ७७ हजार होती. मेंढ्या पाळून लोंकर इंग्लंडास पाठविणें हा तिचा मुख्य धंदा. त्याच वर्षीं बॅलरॅट व बेंडिगो येथें विपुल सोनें सांपडलें. मग काय विचारतां! मेंढपाळांनीं कळप सोडले, कारकुनांनीं लेखण्या टाकल्या, खलाशी बंदरांत जहाजें सोडून पळाले. इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, अमेरिका व चीन येथून लोकांची रीघ लागली. दहा वर्षांत वस्ती सातपट होऊन इ. स. १८६१ मध्यें ती सुमारें ५ लक्ष ४० हजार झाली.

हें सोनें प्रथम ओढ्यांच्या गाळांत मिळे. माती पाण्यानें धुतली म्हणजे ती वाहून जाई व जड सोनें तळाशीं राही. यास भांडवल लागत नसे. कुदळ, फावडें व अंगमेहनत पुरे. यामुळें कालचा धनी व कालचा चाकर एकाच चिखलांत उभे राहिले, आणि जुना उच्चनीच भाव ढिला पडला. खणणाऱ्यांपैकीं थोड्यांसच मोठा लाभ झाला. परंतु त्यांस पीठ, अवजारें व कपडे विकणाऱ्या दुकानदारांची व माल वाहणाऱ्या गाडीवानांची मिळकत मात्र खात्रीची होती.

सरकारनें प्रत्येक खणणाऱ्यावर दरमहा ३० शिलिंगांचा परवाना बसविला. सोनें मिळो वा न मिळो, पैसे भरलेच पाहिजेत! शिपाई वेळीं अवेळीं परवाने तपासीत. आणि कर देणाऱ्यांस मताचा अधिकार मुळींच नव्हता. अखेर बॅलरॅट येथील लोकांनीं पीटर लेलर यांच्या नेतृत्वाखालीं युरेका नांवाच्या जागीं लांकडी तटबंदी उभारली. ता. ३ डिसेंबर १८५४ रोजीं पहाटे सैन्यानें ती मोडली. वीसांहून अधिक खणणारे व कांहीं सैनिक मरण पावले. तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले झाले, परंतु पंचांनीं सर्वांस निर्दोष ठरविलें. इ. स. १८५५ त परवाना रद्द होऊन वर्षास एक पौंड देणाऱ्या खणणाऱ्यास मताचा अधिकार मिळाला. लढाईंत एक हात गमावलेले लेलर त्याच वर्षीं कायदेमंडळांत बसले, व पुढें विधानसभेचे अध्यक्षहि झाले. इ. स. १८५६ त गुप्त मतदान व १८५७ त विधानसभेसाठीं सर्व प्रौढ पुरुषांस मताधिकार आला.

परंतु दिव्याखालीं अंधार होता. इ. स. १८५५ च्या कायद्यानें व्हिक्टोरियाच्या बंदरीं उतरणाऱ्या प्रत्येक चिनी मनुष्यावर १० पौंडांचा कर बसला. तो चुकविण्यासाठीं हजारों चिनी लोक शेजारच्या वसाहतींतील रोब बंदरीं उतरून शेंकडों मैल पायीं चालत आले. हाच द्वेष वाढत जाऊन इ. स. १९०१ चा परदेशीयांच्या प्रवेशास निर्बंध घालणारा कायदा झाला, व त्याची झळ हिंदी लोकांसहि लागली. ज्या मूळ रहिवाशांची ती भूमि, त्यांच्या शिकारीच्या जागा खणल्या गेल्या व पाणी गढूळ झालें. त्यांस कोणीं विचारलें नाहीं.

पुढें वरचें सोनें संपलें. खोल खडकांतील सोनें काढण्यास यंत्रें लागत. म्हणून कंपन्या आल्या आणि स्वतंत्र खणणारे मजूर बनले. पुष्कळांनीं शेतजमीन मागितली, कित्येक कारखान्यांत शिरले. सोन्याच्या काळांत मेलबर्न येथें स्थापन झालेलें विद्यापीठ (१८५३), तेथें सुरू झालेली आगगाडी (१८५४) व पाथरवटांनीं मिळविलेला आठ तासांचा दिवस (१८५६) हीं मात्र मागें राहिलीं.

विद्यार्थिमित्रहो, यांतून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मातींतलें धन सरतें. त्या धनाच्या काळांत उभारलेल्या संस्था व मिळविलेले हक्क टिकतात. आणि जो न्याय आपण स्वतःसाठीं प्राण पणास लावून मागतों, तोच शेजाऱ्यास नाकारला तर आपला विजय अपुराच राहतो.