समुद्र एक, विषय अनेक

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात भाषा, गणित, परिसर अभ्यास अशा तासिका वेगवेगळ्या असतात. बालकाचे कुतूहल मात्र अशा तासिकांत विभागलेले नसते. एकच विषय सर्व तासिकांतून शिकविला, तर एका तासात मिळालेले ज्ञान दुसऱ्या तासात उपयोगी पडते. यासाठी समुद्र हा उत्तम विषय होय. आपल्या वसतिगृहांतील कित्येक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. म्हणूनच तो त्यांना अधिक काळजीपूर्वक शिकविला पाहिजे.

गणित : शंभर चौकोनांचा तक्ता काढून त्यातील ७१ चौकोन निळे रंगवावेत. पृथ्वीपृष्ठाचा एवढा भाग समुद्राने व्यापला आहे. मग दुसरा तक्ता घ्यावा. पृथ्वीवरील सर्व पाणी १०० पेले मानले, तर सुमारे ९७ पेले खारट असतात. उरलेल्या तिहींपैकी बहुतेक पाणी बर्फाच्या रूपात गोठलेले आहे. नद्या, तलाव व विहिरी यांतून माणसाच्या हाती येणारे पाणी एक पेलाही भरत नाही. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाला हा हिशेब पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

विज्ञान : समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मग २०० मिलिलिटरच्या पेल्यात किती? उत्तर येते ७ ग्रॅम. तेवढे मीठ पेलाभर पाण्यात विरघळवून ते पसरट थाळीत उन्हात ठेवावे. पाणी आटते, मीठ उरते. मिठागर कसे चालते ते येथे कळते, आणि समुद्र खारट असूनही पाऊस गोड का, याचेही उत्तर मिळते : वाफ वर जाते, क्षार खालीच राहतात.

भूगोल : उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. मग समुद्रावरून बाष्पयुक्त वारे जमिनीकडे वाहू लागतात. सह्याद्री त्यांना अडवितो. त्यामुळे कोकणात मुसळधार पाऊस पडतो आणि घाटाच्या पूर्वेकडील शिवारे आभाळाकडे डोळे लावून बसतात. आपल्या गावच्या दुष्काळाचा धागा असा थेट समुद्राशी जुळलेला आहे. गोदावरीचा प्रवासही नकाशावर बोटाने करवावा. तिच्या उगमापासून, त्र्यंबकेश्वरपासून, अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटर अंतरावर. पण भूमीचा उतार पूर्वेकडे असल्याने ती १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते.

भरती-ओहोटी शिकविताना दिनदर्शिका जवळ ठेवावी. पौर्णिमा व अमावास्येस उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. आज सकाळी सहाला भरती असेल, तर परवा केव्हा? मुले पाहता पाहता पुन्हा गणिताच्या तासात जातात.

इतिहास : आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अंश सापडले, तसेच १८८२ साली स्तूपाचे उत्खनन झाले. व्यापाराच्या मार्गाने विचारही प्रवास करतात, हे त्यावरून सांगता येते. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानणारी रूढी आपल्या समाजात दीर्घकाळ होती. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर उच्च शिक्षणासाठी जहाजाने न्यूयॉर्कला गेले. त्यांचा मार्ग मुलांनी पृथ्वीगोलावर दोऱ्याने मोजावा. ज्ञानासाठी केवढे अंतर कापावे लागले, हे तो दोरा सांगतो.

भाषा व कला : खाडी, गलबत, शीड, सुकाणू, दर्यावर्दी या शब्दांचा कोश मुलांनी स्वतः करावा, त्यास चित्रांची जोड द्यावी.

या पाठाला परीक्षेतील गुणांपलीकडचे मोल आहे. ओढ्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी नदीवाटे समुद्रास मिळते, हे ज्याने नकाशावर पाहिले तो ती टाकताना थांबेल. पालकांनी सुट्टीत पाल्यास एवढेच विचारावे : आपल्या गावचा ओढा शेवटी कोठे जातो? आणि मुंबई-कोकणात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी थोडी वाळू, काही शिंपले व भरती-ओहोटीचे एक वेळापत्रक शाळेस पाठवावे. ज्या मुलांना समुद्रापर्यंत जाता येत नाही, त्यांच्या वर्गात समुद्राचा एवढा अंश तरी अवश्य यावा.