खोकला किती दिवसांचा, हे तुम्हीच सांगायचं

मैत्रिणींनो, भिंगारहून नगरचं सिव्हिल काही लांब नाही. तरी टीबीसारखा आजार कित्येकदा दोन-तीन महिने सापडत नाही. असं का होतं?

खोकला आला की आपण जवळच्या दवाखान्यात जातो. चार दिवसांच्या गोळ्या घेतो. गुण आला नाही की डॉक्टर बदलतो. दुसरे डॉक्टरही नव्याने चार दिवसांच्या गोळ्या देतात. प्रत्येकाला आपला खोकला ताजाच वाटतो, कारण आपण "थोडा खोकला आहे" एवढंच सांगतो. त्यातून काही अँटिबायोटिक अशा असतात की टीबीचे जंतू तात्पुरते दबतात, बरं वाटतं, आणि निदान आणखी लांबतं.

गटाचा हप्ता आपण तारखेसह लिहितो ना? तसंच खोकला कधी सुरू झाला ते कॅलेंडरवर लिहा. जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत ठेवा. संध्याकाळी कणकण येते, वजन उतरलंय, बेडक्यात रक्त दिसलं, घरात पूर्वी कुणाला टीबी होता, हे न विचारताही सांगा. सासूबाई सोबत असल्या तरी सांगा.

खोकला दोन आठवड्यांचा झाला की बेडक्याची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. इथे एक चूक फार होते. चारचौघांत जोरात खोकायची लाज वाटते, म्हणून बाई डबीत नुसती थुंकी देते. थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि रिपोर्ट चांगला येतो! पाकिस्तानात रावळपिंडीला बायकांना आधी नीट समजावून सांगितलं, तेव्हा तपासणीत जास्त जणींचा टीबी सापडला. २००७ साली तो अभ्यास छापून आला. म्हणून चूळ भरा, बाजूला मोकळ्या जागी जा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांनी तयार केलेल्या गावोगावच्या आरोग्यसेविकांपैकी कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी टीबीचे, कुष्ठरोगाचे पेशंट त्या हुडकून काढत. कोण कधीपासून खोकतंय, हे त्यांना ठाऊक असायचं.

रिपोर्ट चांगला आला पण खोकला तसाच राहिला, तर गप्प बसू नका. त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि विचारा, "दुसरं काही असू शकतं का? एक्स-रे काढायचा का?" टीबी निघालाच तर औषध मोफत मिळतं, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. त्यासाठी बँकेचं पासबुक आणि आधार कार्ड सोबत न्या.