ठाण्याची खाडी : पाणी आणि मासेमारी

ऐरोलीच्या पुलावरून पाहताना आम्हांस ही नदीच वाटते. परंतु खाडी म्हणजे नदी नव्हे. सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी मुंबई बंदराकडे रुंद, तर ठाण्याजवळ अगदी चिंचोळी आहे. उल्हास नदीशी तिचा दुवा अरुंद असल्याने पावसाळा सरला की गोडे पाणी थोडेच येते. दिवसातून दोनदा समुद्रच आत येतो व माघारी फिरतो.

कोळी बांधवांचे वेळापत्रक तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या वेगवान प्रवाहात खुंटांना बांधलेली जाळी भरतात. उथळ कडेला पाग फेकून बोय धरतात. ओहोटीने चिखल उघडा पडला की तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्या आणि निवट्या शोधतात. (निसटती निवटी हाताने धरणे हे सोपे काम नव्हे!)

खाडीचे दुखणेही याच रचनेत आहे. चिंचोळ्या भागातील पाणी पुरते बदलत नाही. म्हणून कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी तेथेच रेंगाळते, गाळ साचतो. २०२२ मध्ये रोहित पक्ष्यांच्या या आश्रयस्थानास रामसर दर्जा लाभला, ही आनंदाची गोष्ट खरी. पण काठच्या कोळीवाड्यांतील जाळ्यांत जिताडा आता क्वचितच येतो.