शाळेतले ताट आणि माळकऱ्याचे कर्तव्य

वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा मद्यमांस सोडतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण काय खाऊ नये एवढंच माळ सांगत नाही; भुकेल्याला काय वाढावे, हेही तीच सांगते. शाळेतल्या लेकरांच्या ताटाविषयी ही दुसरी बाजू आम्हांस मांडावयाची आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, व ते न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरविले. संप्रदायातील काही मंडळींनी त्यास विरोध केला. जानेवारी 2025 मध्ये शासनाने अंड्यासाठी वेगळा निधी देणे थांबविले. कोणी म्हणेल, काम झालं. आम्ही म्हणतो, काम आता सुरू झालं. ताटातून एक पदार्थ गेला, तर तितक्याच कसाचा दुसरा त्यात पडला पाहिजे. नाहीतर आपल्या व्रताचा उपवास लेकराला घडेल!

पहिली ते पाचवीच्या मुलास रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ-कडधान्य, 50 ग्रॅम भाजी व 5 ग्रॅम तेल, असे माप ठरलेले आहे. त्यातून 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. डाळ कमी पडली, की खिचडी नुसता पिवळा भात होते. पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही.

म्हणून हे ध्यानात घ्यावे. भातात जे उणे, ते डाळ भरून काढते, आणि डाळीतले उणे भात. दोघांची जोडी फोडू नये. मटकी, मूग, हरभरा मोड आणून शिजवावेत. शेंगदाण्याचे कूट सढळ हाताने घालावे. वर लिंबू पिळले, की डाळीतले व पालेभाजीतले लोह अंगी लागते. हाडांसाठी नाचणी चांगली. मात्र ब-12 हे जीवनसत्त्व धान्यभाजीत नसते, ते दूधदुभत्यात असते. म्हणून सोबत वाटीभर दही हवे.

आता आपण काय करावे? सणावारी किंवा विशेष प्रसंगी गावकऱ्यांनी शाळेतल्या जेवणात भर घालावी, यासाठी शासनाच्या योजनेतच ‘तिथिभोजन’ आहे. नाथमहाराजांनी श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्यांना वाढला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. तर मग द्वादशीचे पारणे शाळेच्या पंगतीत का होऊ नये? मुख्याध्यापकांस आधी विचारावे, आणि महिन्यातून एकदा उसळ, भाकरी व दही भजनी मंडळाने द्यावे. ज्याची विहीर आहे त्याने शाळेच्या परसबागेला पाणी द्यावे. शिजविणाऱ्या मावशींना हाताखाली माणूस द्यावा.

वारीत अनोळखी माणूस आपल्याला ‘माउली’ म्हणून हाताला धरून पंगतीत बसवितो. तोच मान गावातल्या पोराला मिळाला, तर माळ खरी शोभेल. रामकृष्णहरि!